पोलादातील तांबे आणि संक्षारण : गुणधर्म, मर्यादा व उपयोजन

१. प्रस्तावना

लोखंड आणि पोलाद यांचे गंजणे हा केवळ रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील विषय नाही. पूल, रेल्वेचे डबे, वीजवाहक मनोरे, कारखान्यांच्या छपरांचे पत्रे आणि इमारतींतील सळया या सर्वांचे आयुष्य गंजण्याच्या वेगावर अवलंबून असते. गंज रोखण्यासाठी रंग, जस्ताचा लेप, स्टेनलेस पोलाद इत्यादी अनेक उपाय योजले जातात. यांपैकी एक उपाय तुलनेने कमी खर्चाचा आणि वरवर पाहता फारच साधा आहे. तो म्हणजे पोलाद तयार करतानाच त्यात अल्प प्रमाणात तांबे मिसळणे. अवघ्या ०.२ ते ०.५ टक्के तांब्यामुळे पोलादाचे उघड्या हवेतील वर्तन लक्षणीयरीत्या बदलते, हे गेल्या शंभराहून अधिक वर्षांच्या प्रयोगांतून सिद्ध झाले आहे.

तथापि या उपायाविषयी दोन परस्परविरोधी गैरसमज आढळतात. तांबे लोखंडाला चिकटले की लोखंड अधिक वेगाने गंजते, हे शालेय विज्ञानात शिकवले जाते. त्यामुळे तांब्याने गंज कमी होतो हे अनेकांना पटत नाही. याउलट बांधकाम क्षेत्रात तांबेयुक्त पोलाद ‘गंजतच नाही’ असा समज रूढ होऊ पाहत आहे. पहिला गैरसमज केवळ आकलनाचा आहे. दुसऱ्याची किंमत मात्र सार्वजनिक पैशाने आणि प्रसंगी सुरक्षिततेने मोजावी लागते. प्रस्तुत लेखात तांब्याच्या कार्यपद्धतीचे स्पष्टीकरण, तिला लाभलेला प्रायोगिक आधार आणि तिच्या मर्यादा यांचा क्रमाने विचार केला आहे.

२. संक्षारणाची मूलभूत प्रक्रिया

पोलादाचे हवेतील संक्षारण ही विद्युत-रासायनिक प्रक्रिया आहे. पोलादाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अत्यंत पातळ थर जमला की त्या पृष्ठभागाचे असंख्य सूक्ष्म विद्युतघटांत रूपांतर होते. काही ठिकाणी लोहाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून आयनांच्या रूपात पाण्यात उतरतात. हा ॲनोड होय. काही ठिकाणी हवेतून पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो. हा कॅथोड होय. लोहाच्या आयनांचे पुढे ऑक्सिडीकरण होऊन त्यांपासून लोहाची निरनिराळी ऑक्सिहायड्रॉक्साइडे तयार होतात. त्यांच्या मिश्रणाला व्यवहारात गंज म्हणतात.

पाणी आणि ऑक्सिजन यांपैकी एकाचाही अभाव असल्यास ही प्रक्रिया थंडावते. हवेतील गंधक डायऑक्साइड आणि क्लोराइड क्षार मात्र तिला गती देतात, कारण त्यांच्यामुळे पाण्याच्या थराची विद्युतवाहकता वाढते आणि पृष्ठभाग अधिक काळ ओला राहतो.

येथे एक बाब महत्त्वाची आहे. ॲल्युमिनियम किंवा क्रोमियम यांच्या पृष्ठभागावर तयार होणारा ऑक्साइडचा थर घट्ट आणि अभेद्य असतो. साध्या पोलादावरील गंज मात्र सच्छिद्र, भेगाळ आणि सहज पोपडे सुटणारा असतो. त्यामुळे पाणी व ऑक्सिजन यांना आतील धातूपर्यंत पोहोचण्याची वाट सतत मोकळी राहते. म्हणूनच येथे कसोटीचा मुद्दा गंज पूर्णपणे टाळण्याचा नाही. जो गंज तयार होणारच आहे, तो घट्ट आणि चिवट कसा होईल, हा खरा प्रश्न आहे. तांब्याची भूमिका नेमकी येथे सुरू होते.

३. पोलादाबाहेरील तांबे व पोलादातील तांबे

तांबे लोखंडाला घातक ठरते की उपकारक, याचे उत्तर ते कोठे आणि कोणत्या स्वरूपात आहे यावर अवलंबून आहे. प्रमाण परिस्थितीत तांब्याचे विद्युत विभव अधिक ०.३४ व्होल्ट, तर लोहाचे उणे ०.४४ व्होल्ट आहे. तांब्याचा मोठा पत्रा आणि लोखंडाचा लहान भाग एकमेकांना चिकटलेले असून दोहोंवर ओलावा असेल, तर लोखंड ॲनोड बनून वेगाने झिजते. अमेरिकेतील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. १८८६ मध्ये लोकार्पण झालेल्या या पुतळ्याचे बाह्य कवच तांब्याचे आणि आतील पट्ट्यांचा सांगाडा लोखंडाचा होता. दोन्ही धातूंमध्ये ठेवलेले ॲस्बेस्टॉसचे विलगक अस्तर कालांतराने निकामी झाले आणि लोखंडी पट्ट्या मोठ्या प्रमाणात गंजल्या. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत त्या बदलून स्टेनलेस पोलादाच्या पट्ट्या बसवण्यात आल्या.

पोलादात मिसळलेल्या तांब्याची स्थिती वेगळी असते. अल्प प्रमाणातील तांबे लोहाच्या स्फटिकजालात विरघळलेले असते. त्याचा स्वतंत्र तुकडा तेथे नसतो. पोलाद गंजू लागले की लोहाबरोबर तांब्याचे अणूही मुक्त होतात आणि त्यांचा बहुतांश भाग गंजाच्या थरातच अडकून राहतो. त्यामुळे तांब्याचा परिणाम मुख्यतः धातूवर होत नाही. तो गंजाच्या थरावर होतो. हा फरक लक्षात घेतल्यास शालेय विज्ञानातील नियम आणि तांबेयुक्त पोलादाचा अनुभव यांत कोणताही विरोध उरत नाही.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी

तांबेयुक्त पोलादाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत झाला. १९१० नंतरच्या काळात डी. एम. बक यांनी तांब्याचे निरनिराळे प्रमाण असलेले पत्रे उघड्या हवेत ठेवून त्यांच्या झिजेची तुलना केली. १९१६ पासून अमेरिकन सोसायटी फॉर टेस्टिंग मटेरियल्स या संस्थेने पिट्सबर्ग, फोर्ट शेरिडन आणि ॲनापोलिस येथे दीर्घकालीन चाचण्या सुरू केल्या. पिट्सबर्गसारख्या औद्योगिक हवेत तांबेयुक्त पत्र्यांचे आयुष्य स्पष्टपणे अधिक आढळले. मात्र पाण्यात पूर्णपणे बुडवून ठेवलेल्या नमुन्यांत तसा फायदा दिसला नाही. तांब्याच्या मर्यादेची ही पहिली स्पष्ट खूण होती. पुढील काळात तिच्याकडे अनेकदा दुर्लक्ष झाले.

१९३३ मध्ये युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीने ‘कॉर-टेन’ या नावाने तांबे, क्रोमियम, सिलिकॉन आणि फॉस्फरस असलेले पोलाद बाजारात आणले. प्रारंभी त्याचा वापर मुख्यतः रेल्वेच्या मालडब्यांसाठी झाला. पुढे स्थापत्यकार एरो सारिनेन यांनी इलिनॉय राज्यातील मोलीन येथील जॉन डिअर कंपनीच्या मुख्यालयासाठी हे पोलाद रंग न देता वापरले. १९६४ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीने गंजाचा तपकिरी रंग वास्तुकलेत प्रतिष्ठित केला. १९७७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील न्यू रिव्हर गॉर्ज येथे सुमारे ५१८ मीटर लांबीची कमान असलेला पूल याच प्रकारच्या पोलादाने उभारण्यात आला. अशा पोलादास आज सर्वसाधारणपणे हवामानरोधी पोलाद म्हटले जाते.

या संदर्भात दिल्लीच्या लोहस्तंभाचा उल्लेख अपरिहार्य आहे. सुमारे १६०० वर्षे उघड्या हवेत उभा असलेला हा स्तंभ तांब्यामुळे टिकला असे काही वेळा सांगितले जाते. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनानुसार त्याचे मुख्य श्रेय लोखंडातील फॉस्फरसच्या उच्च प्रमाणास जाते. हे प्रमाण सुमारे ०.२५ टक्के आहे. स्तंभातील तांबे अत्यल्प आहे. मूलद्रव्य वेगळे असले तरी तत्त्व मात्र तेच आहे : आलटून-पालटून ओला व कोरडा होणाऱ्या पृष्ठभागावर गंजाचाच एक संरक्षक थर तयार होणे.

५. तांब्याची कार्यपद्धती

तांबे गंजाच्या थरावर नेमका कसा परिणाम करते याविषयी एकच सर्वमान्य सिद्धांत नाही. उपलब्ध स्पष्टीकरणे परस्परपूरक असून त्यांची मांडणी पुढीलप्रमाणे करता येते.

अ) गंधकाच्या दुष्परिणामांचे निराकरण : पोलादात अशुद्धीच्या रूपाने गंधक असते. त्याची सल्फाइडे पृष्ठभागावर संक्षारणाची केंद्रे बनतात. तांबे या गंधकाशी संयोग पावून कमी विद्राव्य अशी सल्फाइडे तयार करते. त्यामुळे तांब्याचे प्रमाण ०.०५ टक्के इतके अल्प असले तरी त्याचा परिणाम जाणवतो.

आ) रंध्रे बुजवणे : औद्योगिक हवेतील गंधक डायऑक्साइडमुळे साध्या पोलादावर लोहाचे विद्राव्य सल्फेट तयार होते. ते पावसाने वाहून जाते किंवा थराच्या आत राहून संक्षारण चालू ठेवते. तांबे उपस्थित असल्यास त्याची आम्लारिधर्मी सल्फेटे तयार होतात. ती पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असतात आणि गंजातील बारीक छिद्रे व भेगा भरून काढतात.

इ) स्फटिकांच्या वाढीवर नियंत्रण : साध्या पोलादावरील गंजात लेपिडोक्रोसाइट या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे प्रमाण अधिक असते आणि त्याचे स्फटिक मोठे व विस्कळीत असतात. तांबे, क्रोमियम व फॉस्फरस यांच्या उपस्थितीत थराचा आतील भाग गोएथाइट या स्थिर खनिजाच्या अतिसूक्ष्म कणांचा बनतो. जपानमधील एम. यामाशिता आणि सहकाऱ्यांनी पाव शतक उघड्या हवेत राहिलेल्या हवामानरोधी पोलादावरील गंजाचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात बाहेरील लेपिडोक्रोसाइटचा आणि आतील सूक्ष्मकणी गोएथाइटचा असे दोन स्पष्ट थर आढळले. आतील थरच संरक्षणाचे खरे काम करतो.

ई) कॅथोड म्हणून साहाय्य : मुक्त झालेले काही तांबे धातुरूपाने पृष्ठभागावर परत साचते आणि कॅथोडचे कार्य करते. सामान्यतः यामुळे गंज वाढला पाहिजे. परंतु अनुकूल परिस्थितीत ॲनोडवरील विद्युतप्रवाह इतका वाढतो की तेथील लोह निष्क्रिय अवस्थेत जाते, असे रशियन शास्त्रज्ञ तोमाशोव यांचे प्रतिपादन होते.

या सर्व प्रक्रियांसाठी एक अट समान आहे. पृष्ठभाग ओला झाल्यानंतर तो कोरडा झाला पाहिजे. सुकण्याच्या अवस्थेतच गंजाचे सूक्ष्म कण घट्ट बसतात आणि तांब्याचे क्षार छिद्रांत स्थिरावतात. संरक्षक थर पूर्ण होण्यास काही वर्षे लागतात. त्या काळात पोलाद गंजतच असते.

गंजण्याचा वेग कालानुसार कसा बदलतो हे घातांकी सूत्राने दर्शवले जाते. एकूण झीज ही काळाच्या विशिष्ट घाताच्या प्रमाणात वाढते. हा घातांक १ असेल तर झिजेचा वेग कधीच कमी होत नाही, म्हणजे गंजाचा थर निरुपयोगी ठरतो. घातांक ०.५ च्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर थर संरक्षक आहे असे मानले जाते. पहिल्या वर्षाची झीज दोन पोलादांत जवळजवळ सारखी असली तरी वीस वर्षांनंतर त्यांतील तफावत मोठी असू शकते, ती या घातांकामुळेच. म्हणून अल्पकालीन चाचणीवरून पोलादाच्या टिकाऊपणाचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

६. तांब्याचे योग्य प्रमाण

‘तांबे जितके अधिक तितका गंज कमी’ हा निष्कर्ष योग्य नाही. सी. पी. लाराबी आणि एस. के. कोबर्न यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी २७० पोलादांच्या १५.५ वर्षांच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांवर आधारित गणिती विश्लेषण लेगॉल्ट आणि लेकी यांनी १९७४ मध्ये मांडले. त्यातून आलेला संक्षारणरोध निर्देशांक पुढे एएसटीएम जी-१०१ या मानकात समाविष्ट झाला. टक्केवारीतील प्रमाणे घेतल्यास त्याचे सूत्र असे आहे :

निर्देशांक = २६.०१ (तांबे) + ३.८८ (निकेल) + १.२० (क्रोमियम) + १.४९ (सिलिकॉन) + १७.२८ (फॉस्फरस) − ७.२९ (तांबे × निकेल) − ९.१० (निकेल × फॉस्फरस) − ३३.३९ (तांबे × तांबे)

निर्देशांक जितका मोठा तितका रोध अधिक. हवामानरोधी पोलादासाठी तो किमान ६.० असावा अशी अपेक्षा असते. इतर मूलद्रव्ये शून्य मानून केवळ तांब्याचा वाटा काढल्यास पुढील आकडे मिळतात :

तांबे ०.०५ टक्के : १.२२
तांबे ०.१० टक्के : २.२७
तांबे ०.२० टक्के : ३.८७
तांबे ०.३० टक्के : ४.८०
तांबे ०.४० टक्के : ५.०६

या आकड्यांवरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सर्वाधिक लाभ पहिल्या ०.२० टक्क्यांत मिळतो, त्यानंतरच्या ०.२० टक्क्यांनी निर्देशांकात केवळ १.१९ ची भर पडते. दुसरी, सूत्रातील अखेरचे वर्गपद ऋण असल्याने तांब्याचा वाटा सुमारे ०.३९ टक्क्यांपाशी कमाल होतो. तिसरी, केवळ तांब्याच्या बळावर ६.० ही मर्यादा गाठता येत नाही. तांबे ०.३०, निकेल ०.३०, क्रोमियम ०.५०, सिलिकॉन ०.३० आणि फॉस्फरस ०.०२ टक्के असलेल्या पोलादाचा निर्देशांक मात्र सुमारे ६.६ येतो. म्हणजेच हवामानरोधी पोलाद हे अनेक मूलद्रव्यांच्या सहकार्याचे फलित आहे.

या सूत्राचा वापर करताना सावधगिरी आवश्यक आहे. त्यामागील माहिती अमेरिकेतील एका विशिष्ट काळातील औद्योगिक हवेची आहे. समुद्रकाठच्या किंवा सतत दमट हवेसाठी ते सूत्र लागू करणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय नाही.

७. मर्यादा आणि अपयशाची उदाहरणे

तांबेयुक्त पोलादाच्या अपयशाची कारणे मुख्यतः दोन आहेत : मीठ आणि न सुकणारा ओलावा.

क्लोराइडच्या सान्निध्यात गोएथाइटऐवजी अकागानाइट हे वेगळे ऑक्सिहायड्रॉक्साइड तयार होते. त्याच्या स्फटिकरचनेत क्लोराइड सामावलेले असते आणि त्याचा थर सच्छिद्र असतो. शिवाय मीठ हवेतील बाष्प शोषून घेत असल्याने पृष्ठभाग सुकत नाही. हवाई बेटांवरील होनोलुलू येथे १९७५ मध्ये खुल्या झालेल्या अलोहा स्टेडियमसाठी हवामानरोधी पोलाद वापरण्यात आले होते. समुद्रावरील खाऱ्या वाऱ्यामुळे तेथील गंज थांबला नाही आणि दुरुस्तीवर मोठा खर्च करावा लागला. अटलांटा येथील १९७२ चे ओम्नी कोलिझियम हे समुद्रापासून दूर होते; परंतु तेथील दमट हवेत पोलादाचे गंजणे अपेक्षेप्रमाणे मंदावले नाही. ही वास्तू १९९७ मध्ये पाडण्यात आली. मिशिगन राज्यात रस्त्यांवरील बर्फ वितळवण्यासाठी टाकल्या जाणाऱ्या मिठामुळे पुलांची हानी झाल्याने १९८० च्या सुमारास रंग न दिलेल्या हवामानरोधी पोलादाच्या वापरावर निर्बंध आले. जपानमध्ये असे पोलाद रंगाविना वापरण्यासाठी हवेतील मिठाची मर्यादा ठरवण्यात आली. ती दर दिवशी १०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर ०.०५ मिलिग्रॅम इतकी अल्प आहे. त्याहून अधिक खाऱ्या हवेसाठी तेथे सुमारे ३ टक्के निकेल असलेली पोलादे विकसित झाली.

भारतीय संदर्भात रेल्वेचे प्रवासी डबे हे बोधप्रद उदाहरण आहे. पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेच्या डब्यांत कॉर-टेन प्रकारचे पोलाद वापरले जात असे. तरीही शौचालयांखालील भाग, दारांजवळील जागा आणि जमिनीखालील पन्हळी पत्रा हे भाग गंजत असल्याचा अनुभव वारंवार आला. छपर किंवा बाजूच्या भिंती पावसाने भिजून वाऱ्याने सुकतात. शौचालयाखालील पत्र्यावर मात्र क्षारयुक्त सांडपाणी साचून राहते. पोलाद तेच असूनही परिणाम भिन्न होण्याचे कारण परिस्थितीतील हा फरक आहे. या रचनेच्या डब्यांचे उत्पादन २०१८ मध्ये थांबवण्यात आले आणि नव्या लिंक-हॉफमन-बुश रचनेत स्टेनलेस पोलादाचा वापर वाढला.

कोकण किनाऱ्याचा विचार याच दृष्टीने करावा लागतो. तेथे खारे वारे आणि जून ते सप्टेंबर या काळातील जवळजवळ अखंड ओलावा हे दोन्ही प्रतिकूल घटक एकत्र येतात. पावसाने पृष्ठभागावरील मीठ धुतले जाते हा लाभ उघड्या भागांना मिळतो, पण पुलाच्या तुळयांखालील आडोशाच्या भागांना तो मिळत नाही. अशा ठिकाणी तांबेयुक्त पोलाद रंगाविना वापरणे जोखमीचे ठरते. याउलट दख्खनच्या पठारावर, किनाऱ्यापासून दूर आणि वर्षाचा बराच काळ कोरडी हवा असलेल्या प्रदेशात, पाणी साचू न देणारी रचना केल्यास त्याचा लाभ मिळू शकतो.

जमिनीत गाडलेल्या किंवा पाण्यात बुडालेल्या पोलादाला तांब्यापासून सहसा विशेष फायदा होत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

८. काँक्रीटमधील सळया

इमारतींसाठी ‘गंजरोधक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सळयांत तांबे, क्रोमियम किंवा फॉस्फरस यांचे अल्प मिश्रण असते. आय. एस. १७८६ या भारतीय मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत अशा अल्पमिश्र पोलादासाठी तरतूद आहे. क्रोमियम, तांबे, निकेल, मॉलिब्डेनम व फॉस्फरस यांचे एकत्रित प्रमाण सामान्यतः किमान ०.४० टक्के असावे आणि प्रत्येक मूलद्रव्याचे प्रमाण दर्शवणारे चाचणी प्रमाणपत्र उत्पादकाने ग्राहकास द्यावे, असे त्यात म्हटले आहे. हे प्रमाणपत्र मागणे हा ग्राहकाचा अधिकार आहे.

तथापि सळईची परिस्थिती उघड्या पत्र्याहून वेगळी असते. काँक्रीटच्या छिद्रांतील पाणी तीव्र आम्लारिधर्मी असून त्याचा सामू सुमारे १२.५ ते १३.५ असतो. त्यामुळे सळईवर एक अतिशय पातळ निष्क्रिय पापुद्रा आपोआप तयार होतो. क्लोराइड आत शिरल्याने किंवा हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे सामू घटल्याने तो पापुद्रा मोडतो आणि सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ धातूपेक्षा कित्येक पट असल्याने काँक्रीट तडकते. येथे ओल्या-कोरड्या चक्रातून गोएथाइटचा थर घडण्यास वावच नसतो. साहजिकच उघड्या हवेतील चाचण्यांचे आकडे काँक्रीटमधील सळईस लागू करता येत नाहीत. सळयांवरील काँक्रीटच्या आवरणाची जाडी, पाणी-सिमेंट गुणोत्तर, धम्मस, पाणी देण्याची काळजी आणि मिश्रणात खारे पाणी किंवा न धुतलेली खाडीची वाळू न वापरणे हे घटक तांब्याच्या अंशापेक्षा अधिक निर्णायक ठरतात.

९. आम्ल आणि स्टेनलेस पोलाद

सल्फ्युरिक आम्लाच्या संदर्भात तांब्याची उपयुक्तता वेगळ्या प्रकारची आहे. गंधकयुक्त इंधन जाळणाऱ्या भट्ट्यांच्या धुरांड्यांत तापमान एका मर्यादेखाली गेल्यास सल्फ्युरिक आम्लाचे दव जमते आणि ते पोलाद खाऊन टाकते. तांबे व ॲन्टिमनी यांचे अल्प मिश्रण असलेल्या पोलादावर अशा वेळी या मूलद्रव्यांचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि झीज मंदावते. उच्च मिश्रणाच्या स्टेनलेस पोलादांतही हाच हेतू दिसतो. ९०४-एल या प्रकारात १ ते २ टक्के, तर ॲलॉय-२० या मिश्रधातूत ३ ते ४ टक्के तांबे असते. दोन्ही सल्फ्युरिक आम्लाच्या हाताळणीसाठी वापरले जातात.

स्टेनलेस पोलादातील तांबे नेहमी गंजरोधासाठीच असते असे मात्र नाही. १७-४ पीएच या प्रकारात ३ ते ५ टक्के तांबे असते, ते उष्णोपचारानंतर सूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडून धातूची ताकद वाढवण्यासाठी. घरगुती भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या २०० मालिकेतील काही पोलादांत महाग निकेल कमी करून मँगनीज, नायट्रोजन आणि तांबे वापरले जाते. तेथे तांब्याने ऑस्टेनाइट ही अवस्था स्थिर राहते आणि पत्रा खोल दाबून आकार देणे सुकर होते. अशा भांड्यांची गंजरोधकता मुख्यतः क्रोमियमवरच ठरते. ‘तांबे आहे म्हणून गंजणार नाही’ हे विधान येथेही अपुरे आहे.

१०. तांब्याचे दुष्परिणाम आणि भंगाराचा प्रश्न

पोलाद लाटण्यापूर्वी ते सुमारे ११०० ते १२५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. या तापमानास पृष्ठभागावरील लोहाचे ऑक्सिडीकरण होते, परंतु तांब्याचे होत नाही. परिणामी पापुद्र्याखाली तांबे साचत जाते. तांब्याचा द्रवणांक १०८५ अंश असल्याने ते वितळून पोलादाच्या कणसीमांत शिरते आणि लाटताना पृष्ठभागावर भेगा पडतात. कथिलाच्या उपस्थितीत हा दोष अधिक बळावतो. त्यावर उपाय म्हणून तांब्याच्या निम्म्याइतके किंवा त्याहून अधिक निकेल मिसळले जाते. हवामानरोधी पोलादातील निकेलमागे गंजरोधाइतकेच हेही कारण आहे.

याच गुणधर्मामुळे भंगारापासून पोलाद बनवण्याच्या उद्योगासमोर कठीण प्रश्न उभा राहिला आहे. लोहापेक्षा तांब्याचे ऑक्सिडीकरण अवघड असल्याने भट्टीत ऑक्सिजन फुंकून ते काढता येत नाही. मोटारींच्या व यंत्रांच्या भंगारात विद्युत तारा आणि मोटारींची गुंडाळणी मिसळलेली असते. प्रत्येक पुनर्वापरागणिक तांब्याचा अंश वाढत जातो. खोल दाबून आकार द्यायच्या पत्र्यांत सुमारे ०.०६ टक्के तांबेही अडचणीचे ठरते, तर सळयांत सुमारे ०.४ टक्क्यांपर्यंत ते चालते. केंब्रिज विद्यापीठातील डेन, सेरेन्हो आणि ऑलवूड यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, भंगाराचे परिपूर्ण वाटप आणि मोठ्या प्रमाणावर शुद्ध लोह मिसळणे शक्य झाल्यास २०५० पर्यंत हा प्रश्न आटोक्यात ठेवता येईल. त्यानंतर मात्र तांबे वेगळे करण्याच्या नव्या उपायांशिवाय गत्यंतर नाही.

जालना येथील सळई उद्योग मुख्यतः भंगार आणि स्पंज आयर्न वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांवर उभा आहे. अशा भट्ट्यांत धातूच्या शुद्धीकरणास मर्यादा असल्याने भंगाराची निवड हाच गुणवत्तेचा पाया ठरतो. भंगारातून अपघाताने आलेले तांबे आणि हेतुपुरस्सर मिसळलेले तांबे यांत फरक केला पाहिजे. पहिल्याचे प्रमाण अनिश्चित असते, त्याच्याबरोबर कथिलासारखी उपद्रवी मूलद्रव्येही येतात आणि त्याला पूरक निकेल व क्रोमियम यांची जोड असेलच असे नाही. केवळ तांब्याचा अंश सापडला म्हणून अशा सळईस गंजरोधक म्हणणे योग्य ठरणार नाही.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पोलादातील अल्प तांबे गंज टाळत नाही, ते गंजाचा थर अधिक घट्ट व संरक्षक बनवण्यास मदत करते.

२) हा लाभ आलटून-पालटून ओल्या व कोरड्या होणाऱ्या, क्लोराइड कमी असलेल्या उघड्या हवेतच पूर्णपणे मिळतो. पाण्यात, जमिनीत, साचलेल्या ओलाव्यात आणि खाऱ्या हवेत तो अत्यल्प असतो.

३) सर्वाधिक परिणाम सुमारे ०.२ टक्क्यांपर्यंतच्या तांब्याने साधतो. त्यापुढे क्रोमियम, निकेल, सिलिकॉन आणि फॉस्फरस यांची जोड आवश्यक असते.

४) काँक्रीटमधील सळया, आम्लाच्या संपर्कातील यंत्रसामग्री आणि स्टेनलेस भांडी यांतील तांब्याचे कार्य परस्परांहून भिन्न आहे. एका क्षेत्रातील निष्कर्ष दुसऱ्या क्षेत्रास लावणे चुकीचे आहे.

५) भंगारातील तांबे हा पुनर्वापराच्या मार्गातील वाढता अडथळा असून भंगार वितळवण्यापूर्वीच त्यातील तारा व मोटारी वेगळ्या करणे हा त्यावरील सर्वांत व्यवहार्य उपाय आहे.

तांबेयुक्त पोलादाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात जेथे जेथे अपयश आले, तेथे बहुधा पोलाद सदोष नव्हते; ते अयोग्य जागी वापरले गेले होते. म्हणून पोलादाची निवड करताना त्याच्या रासायनिक घटकांच्या तक्त्याबरोबरच ज्या जागी ते वापरायचे आहे तेथील हवा, मीठ आणि पाण्याचा निचरा यांचे मोजमाप होणे आवश्यक आहे. रसायनशास्त्र, भूगोल व स्थापत्य या विषयांच्या महाविद्यालयीन विभागांनी आपापल्या परिसरात पोलादाच्या नमुना पट्ट्या उघड्या हवेत ठेवून त्यांची दरवर्षी वजनघट नोंदवल्यास अल्प खर्चात दीर्घकालीन स्थानिक माहिती जमा होऊ शकते. किनारपट्टी, घाटमाथा आणि पठार अशा भिन्न हवामानांच्या महाराष्ट्रात अशा माहितीचा उपयोग विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांपुरता मर्यादित राहणार नाही; सार्वजनिक बांधकामांच्या नियोजनासही तिचा आधार मिळू शकेल.